कुलूपबंद ब्लॉग

"एका मोबाइलवरचा मजकूर वाचून दाखवायचाय," इन्स्पेक्टर फोनवर म्हणाला. "मराठी आहे म्हणतात. लगेच येता येईल?"

"मोबाइल ज्याचा आहे त्याला विचारा ना," दुभाषीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला चहा अजून गरम होता.

"जिचा आहे ती गेली. काल संध्याकाळी."

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि कोट चढवला.

या परदेशात त्या कोर्टात आणि पोलीस चौकीत दुभाष्याचं काम करायच्या. इथं आलेल्या मराठी माणसांचे घटस्फोट, अपघात, व्हिसाची भांडणं, सगळं त्यांच्या तोंडून इथल्या भाषेत गेलं होतं. नवरा वारल्यावरही त्या परत गेल्या नव्हत्या. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, हा त्यांचा नियम. लोक त्यांना खडूस म्हणत आणि त्यांची त्याला हरकत नसे.

इन्स्पेक्टरनं दिलेला पत्ता एका वृद्धाश्रमाचा होता. लांब, स्वच्छ, फिनेलचा वास येणारा कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना खोल्या, भिंतींना धरून चालायला गुळगुळीत कठडे. कॉरिडॉरच्या टोकाला औषधांची खोली. तिच्या दारावर कार्ड लावायचं यंत्र होतं.

"इथं सापडली." इन्स्पेक्टरनं खोलीच्या डाव्या कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. "इथलीच नर्स. खुर्चीत बसलेली होती, मान छातीवर. डाव्या बाहीवर रक्ताचा ठिपका. मोबाइल मांडीवर."

"आणि सुई?"

त्यानं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा भिंतीला ठोकलेला होता. "त्यात. हातमोजेही त्यातच. शेवटपर्यंत शिस्तीची बाई."

त्यानं मोबाइलच्या पडद्याचा फोटो पुढे केला. बाईंनी तो आधी मनात वाचला, मग इथल्या भाषेत सांगितला. मूळ मजकूर असा होता:

'मी थकले आहे. आता सहन होत नाही. ज्यांच्याबद्दल मी वाईट लिहिलं त्या सगळ्यांची माफी मागते. यात कुणाचा दोष नाही. बाबा, तुमच्या विश्वासाला मी पात्र ठरले नाही. मला क्षमा करा.'

"मशीनचं भाषांतर असू शकेल?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"नाही. हे मराठी माणसाच्या हातचं आहे. लहानपणापासून मराठी बोलणाऱ्या माणसाच्या."

"म्हणजे तिचंच." त्यानं मान हलवली. "ब्लॉग लिहायची ती. त्यावरून काल सकाळी तिला कामावरून दूर केलं. नोकरी गेली की इथला व्हिसाही गेला. त्याच ब्लॉगवर हे टाकलं आणि सुई टोचून घेतली. उघड आहे सगळं."

"कामावरून काढलं, तर तिचं कार्ड काढून घेतलं नाही?"

"घेतलं होतं. पण औषधांची गाडी येते तेव्हा हे लोक दाराला खुर्ची लावून ठेवतात. शिरली असेल तेव्हा."

'शिरली असेल' हे बाईंना पटलं नव्हतं.

*

वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाई ऑफिसात ताठ बसल्या होत्या. डोळे मात्र सुजलेले होते.

"ब्लॉगचा पत्ता तुम्हाला कसा लागला?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"एका पेशंटच्या मुलीनं आणून दाखवला. ब्लॉगवर नाव नव्हतं, आमच्या संस्थेचंही नव्हतं. पण एका फोटोत खिडकी होती आणि खिडकीला आमचे पडदे. तिच्या आईच्या खोलीतले."

"एवढ्यावरून?"

"त्या पडद्यांसाठी त्या मुलीनंच आमच्याशी भांडण केलं होतं. ती कशी विसरेल? आणि आत काय काय लिहिलं होतं, हे पाहा." त्यांनी छापील कागद पुढे सरकवले. ब्लॉगचं इथल्या भाषेतलं भाषांतर होतं.

बाईंनी वाचायला घेतलं. मागची मूळ मराठी वाक्यं त्यांना लगेच ओळखू आली. 'ही म्हातारी माझं डोकं खाते. तिनं माझ्यावर जीव लावून ठेवला आहे. आज तिनं माझ्या नाकात दम आणला.' प्रत्येक वाक्याचं शब्दाला शब्द भाषांतर झालं होतं. इथल्या भाषेत वाचलं तर कुणी माथेफिरू बाई म्हातारीवर डूख धरून आहे असंच वाटलं असतं.

"हे मशीनवर केलंत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"तुमच्याकडे मराठी येणारी माणसं आहेत. त्यांना का नाही विचारलंत?"

"एका भाषेची माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. मशीनला नातेवाईक नसतात."

बाईंनी कागद खाली ठेवला. "मॅडम, तिनं यात त्या आजींचं कौतुक केलंय. आमच्याकडे नातवाबद्दल असंच बोलतात."

मॅनेजरबाईंनी ते कागद उचलले आणि घाईनं बाईंच्याच हातात दिले.

"काल तिला बोलावल्यावर काय झालं?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"माझ्यासमोर ब्लॉगला कुलूप लावायला सांगितलं. तिनं लावलं. बाहेरच्या कुणालाही आता तो दिसत नाही. मग कार्ड घेतलं. दुपारनंतर येऊन कपाट रिकामं कर म्हटलं."

"हे कागद आणखी कुणी पाहिले?"

"आमच्या वकिलांनी. आणि ब्लॉगला कुलूप लागल्यावर रात्रपाळीच्या सुपरवायझरला बोलावून दाखवले. तोही तिच्याच देशाचा. त्यानंच तिला इथं नोकरी लावून दिली होती. त्याला सगळे दादा म्हणतात. फार भला माणूस. त्याच्या पाळीत एकही पेशंट आवाज करत नाही."

*

मृत नर्सची मैत्रीण त्याच वृद्धाश्रमात नर्स होती. दोघी एका खोलीत राहत. दोन पलंग, मध्ये एक टेबल, टेबलावर अर्धी विणलेली लोकरीची टोपी. मैत्रिणीनं बाईंना पलंगावर जागा करून दिली आणि स्वतः जमिनीवर बसली.

"ताई, ती असं करणार नाही हो," ती मराठीत म्हणाली. "काल दुपारी खोलीतून निघाली तेव्हा चिडलेली होती, रडत नव्हती. म्हणत होती, दादांनी बोलावलंय, मॅनेजरबाईंना ते समजावतील. तिचा त्यांच्यावर आंधळा विश्वास. आमचे दादा आहेत म्हणून घरच्यांनी तिला पाठवलं."

बाईंनी हे इन्स्पेक्टरला सांगितलं. त्यानं वहीत टिपून घेतलं.

"तिच्या ब्लॉगबद्दल तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"इथं फक्त मला. मी तिला लेखकराव म्हणायचे." ती हसली आणि लगेच रडली. "ती पुरुष होऊन लिहायची ना. वॉर्डबॉय म्हणून. म्हणायची, बाई म्हणून लिहिलं तर आपल्याकडचे लोक पत्ता शोधत येतील. वाचणाऱ्या सगळ्यांना तो एक पुरुषच वाटायचा. एका काकांनी तर आपल्या मुलीसाठी विचारणा केली होती. आम्ही दोन दिवस हसत होतो."

बाईंचे हात मांडीवर थबकले. "ब्लॉगला आता कुलूप आहे. तुला उघडता येतो?"

"तिनं मला वाचायची परवानगी ठेवली होती. कुलूप लावल्यावरही."

मैत्रिणीनं आपला मोबाइल दिला. बाई वाचू लागल्या. मॅनेजरबाईंच्या ऑफिसात जे भेसूर वाटत होतं ते इथं मऊ होतं, खट्याळ होतं.

'आज आजींना अंघोळ घातली. आजी कोरड्या राहिल्या, मी मात्र नखशिखांत भिजलो. वर मलाच म्हणाल्या, टॉवेल घे, गाढवा.'

'घरची आठवण आली की मी भांडी घासतो. इथं भांडी मशीन घासतं, म्हणून जास्त पंचाईत.'

खाली, गेल्या महिन्यातली नोंद:

'रात्रपाळी हल्ली फार शांत असते. इतकी शांत, की मी सकाळी येतो तेव्हा छातीत धस्स होतं. कुणाला पाणी नको, कुणाला बाथरूम नको. सगळ्यांना झोपवून टाकल्यासारखं. पियानो वाजवणाऱ्या आजी तर परवा उठल्याच नाहीत. वय झालं होतं म्हणतात. मी विचारणार आहे.'

बाईंनी ती नोंद दोनदा वाचली.

"मॅनेजरबाईंच्या कागदात याचं काय झालं होतं?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

बाईंनी छापील कागद उलगडले. "मशीननं लिहिलंय, 'सगळ्यांना वेळेवर निजवतात.' त्यांना ते कौतुक वाटलं असणार. यावर त्यांनी खूणसुद्धा केलेली नाही."

"ही नोंद टाकल्यावर तिनं कुणाला काही विचारलं?" त्यांनी मैत्रिणीला विचारलं.

"नाही. म्हणाली, आधी खात्री करते. दोन-तीन आजी-आजोबांच्या लघवीची तपासणी करून घेणार होती."

बाईंनी इन्स्पेक्टरकडून शेवटच्या नोंदीचा फोटो पुन्हा मागून घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं.

*

दादा जेवणघरात भेटले. पन्नाशीचे, भारदस्त, आवाजात मार्दव. बाईंना पाहताच ते उठून उभे राहिले.

"या ताई, बसा. काय वेळ आली बघा."

इन्स्पेक्टर प्रश्न विचारत गेला. बाई दोन्ही भाषा सांभाळत होत्या.

"काल दुपारी कुठं होतात?"

"घरी झोपलो होतो. रात्रपाळीचा माणूस आणखी काय करणार? पाळीला आलो तेव्हा ही बातमी."

"तिला भेटायला बोलावलं होतंत?"

"फोन केला होता. धीर दिला. म्हटलं, मॅनेजरबाईंशी बोलतो. भेट मात्र झाली नाही."

"तिचा ब्लॉग वाचत होतात?"

"छे हो. काल मॅनेजरबाईंनी कागद दाखवले तेव्हा कळलं, हिला असला नाद आहे. तोवर कुलूप लागलं होतं. मूळ मराठी मी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. खोटं कशाला सांगू?"

"कागद वाचून काय वाटलं?"

"भोळी पोर. परक्या मुलखात पोटापाण्याला आलोय, तोंड मिटून राहावं. हे लिहिणंबिहिणं नोकरीच्या मुळावर येतं. मला माहीत असतं तर आधीच सांगितलं असतं."

"पियानो वाजवणाऱ्या आजी तुमच्या पाळीत गेल्या?" हा प्रश्न बाईंनी विचारला होता. इन्स्पेक्टरनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तोवर दादांना प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

दादांचे डोळे क्षणभर स्थिर झाले. "वय झालं होतं त्यांचं," ते म्हणाले.

तेवढ्यात इन्स्पेक्टरचा फोन वाजला. तो कॉरिडॉरमध्ये गेला आणि परत आला तेव्हा त्याची चाल बदललेली होती. त्यानं बाईंना बाजूला घेतलं.

"शवविच्छेदनाचा अहवाल. पोटात कॉफी, कॉफीत झोपेचं औषध. मग शिरेतून गुंगीचं जबरदस्त इंजेक्शन."

"ते किती वेळात चढतं?"

"डॉक्टर म्हणाले, सुई बाहेर काढायच्या आत माणूस गेलेला असतो."

दोघंही एकाच वेळी औषधांच्या खोलीकडे वळले. डाव्या कोपऱ्यात खुर्ची. समोरच्या भिंतीवर पिवळा डबा.

*

दुपारी इन्स्पेक्टरनं मॅनेजरबाई, मैत्रीण आणि दादा यांना जेवणघरात बसवलं. दाराशी एक शिपाई उभा होता.

"आधी साधी गोष्ट," इन्स्पेक्टर म्हणाला. "इंजेक्शन घेतल्यावर ती खुर्चीतून हलूच शकत नव्हती. मग सुई समोरच्या डब्यात कुणी टाकली? हातमोजे कुणी काढले? खोलीत दुसरं कुणीतरी होतं. काम झाल्यावर त्यानं सवयीनं सुई डब्यात टाकली. वर्षानुवर्षांची सवय. खून करतानाही सुटली नाही. मी ती तिची शिस्त समजलो, ही माझी चूक."

मैत्रिणीनं तोंडावर हात ठेवला.

"ती नोंद त्याच माणसानं तिच्या मोबाइलवर लिहिली. तिच्या बेशुद्ध बोटानं मोबाइल उघडून. तो कोण, हे मला कळलं नसतं. बाई सांगतील."

दुभाषीबाई उभ्या राहिल्या. स्वतःचं असं इतक्या लोकांसमोर त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"मॅडम," त्या मॅनेजरबाईंना म्हणाल्या, "तुमच्या भाषेत 'मी थकले' म्हणताना बोलणारी बाई आहे की पुरुष, हे कळत नाही. आमच्या भाषेत कळतं. बाई 'थकले' म्हणते, पुरुष 'थकलो'. प्रत्येक वाक्यात ते उघडं पडतं. ही मुलगी ब्लॉगवर पुरुष होऊन लिहायची. दोन वर्षांत एका जागीही चुकली नाही. भिजलो, घाबरलो, हसलो. शेवटची नोंद मात्र बाईची आहे. 'थकले.' 'पात्र ठरले नाही.'"

"मरताना सोंग टाकलं असेल," दादा हळूच म्हणाले.

"मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण सुई डब्यात आहे, म्हणजे ती नोंद तिची नाही. मग कुणाची? मॅनेजरबाईंना मराठी येत नाही आणि मशीन असं लिहीत नाही. इथं मराठी येणारी दोनच माणसं उरली. ही तिची मैत्रीण प्रत्येक नोंद वाचायची, तिला लेखकराव म्हणायची. हिनं खोटी नोंद लिहिली असती तर डोळे मिटून 'थकलो' लिहिलं असतं. उरतो एकच माणूस. उत्तम मराठी येणारा, या मुलीला ओळखणारा. पण तिचा ब्लॉग ज्यानं फक्त परक्या भाषेत वाचलाय, असा. तिकडे बाई-पुरुष दिसतच नाही. ती मुलगी आहे, म्हणून त्यानं मुलीसारखं लिहिलं."

त्या दादांकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "मूळ मराठी डोळ्यांनीही पाहिलं नाही, असं तुम्हीच म्हणालात. ते खरंच होतं."

दादा हसायचा प्रयत्न करत होते. "एका अक्षरावरून माणसाला फासावर चढवता का, ताई?"

"अक्षरावरून नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. बाईंनी भाषांतर करायच्या आधीच त्याला अर्थ कळला असावा. "डब्यातल्या हातमोज्यांवरून. बाहेरून पुसता येतात. आतून बोटांचे ठसे राहतात. ते जुळवायला पाठवलेत. दारावरच्या यंत्रानंही काल दुपारी तुमचं कार्ड नोंदवलंय. तुम्ही तेव्हा झोपला होतात ना? आणि सकाळी तुमच्या पाळीतल्या पेशंटचं रक्त घेतलं. कुणालाही लिहून न दिलेलं झोपेचं औषध त्यात सापडलंय. कॉफीतलंच."

आतल्या खोलीतून एक म्हातारा कुणाला तरी हाक मारत होता.

"मशीनला कळलं नाही, पण तुम्हाला कळलं," बाई म्हणाल्या. "'वेळेवर निजवतात' हे वाचताच तुम्हाला कळलं, की पोरीनं मुळात काय लिहिलंय. 'मी विचारणार आहे' हेही त्या कागदात होतं. तिची नोकरी गेलीच होती. आता तिला गमवायला काही नव्हतं. ती बोलली असती."

दादांनी दोन्ही पंजे टेबलावर पसरले. मोठे, स्वच्छ, नखं कापलेले हात.

"तुम्ही कधी एकट्यानं रात्रपाळी केलीय?" ते म्हणाले. आवाजातलं मार्दव गेलं होतं. "एवढ्या खोल्यांना एक माणूस. एक रडायला लागला की सगळे रडतात. मी कुणाला मारलं नाही. झोपवत होतो. दादांची पाळी शांत, दादांची पाळी शांत म्हणून ह्याच मॅनेजरबाई मला सगळ्यांसमोर शाबासकी द्यायच्या. ती पियानोवाली... तिला जरा जास्त झालं. चूक झाली."

"आणि ही?" मैत्रीण ओरडली. "हीपण चूक? तुम्हाला दादा म्हणायची ती!"

"मी तिला म्हटलं, लिहिलंयस ते पुसून टाक, मी तुला दुसरीकडे लावून देतो. कॉफी पीत ऐकत होती. म्हणाली, दादा, तुम्ही असं केलं नसेल, मला खात्री आहे, म्हणूनच मला विचारायचंय." त्यांनी मान खाली घातली. "तिला माझा संशयसुद्धा नव्हता. पण तपासणी झाली असती तर..."

शिपायानं त्यांना उठवलं.

मॅनेजरबाई शेवटपर्यंत बसून होत्या. दादांना बाहेर नेल्यावर त्यांनी बाईंना एवढंच विचारलं, "ते नाकात दम आणणं... म्हणजे नक्की काय?"

"खूप लाड करून घेणं," बाई म्हणाल्या. तेवढ्यापुरता त्यांनी आपला नियम मोडला.

*

संध्याकाळच्या आत चौकीतून मुलीच्या घरी फोन लावला. तिच्या वडिलांनी उचलला. इन्स्पेक्टर वाक्य म्हणे, बाई ते मराठीत सांगत. तुमच्या मुलीनं आत्महत्या केलेली नाही. तिचा खून झाला. संशयिताला अटक केली आहे. त्यानं कबुली दिली आहे.

"कोण?" वडिलांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं.

पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता. मागे कुणीतरी 'काय झालं, काय म्हणतायत' असं विचारत होतं आणि त्याला उत्तर मिळत नव्हतं.

"बाई," अखेर ते म्हणाले, "तुम्ही नीट ऐकलंत ना? काल त्यानंच फोन केला होता मला. आपली पोर गेली म्हणून सांगायला. फोनवर हमसून हमसून रडत होता हो. त्याला बोलवेना." त्यांचा आवाज चिरकला. "मीच त्याला म्हटलं, बाळा, रडू नकोस. तुझ्यामुळं शेवटी तिच्याजवळ आपलं माणूस तरी होतं."

"काय म्हणतायत?" इन्स्पेक्टरनं हळूच विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. मग रिसीव्हर कानाला तसाच धरून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.